मंडळीत (चर्चमध्ये) सेवा करायची आहे, पण माझं कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी, कोणतं हे कसं ओळखू?

आधी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय वाचा. कृपादान म्हणजे फक्त उपदेश किंवा आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत बोलणं, असा आपल्याकडे समज असतो. तिथे मात्र शिकवणं, दान देणं, दया करणं हेही त्याच रांगेत आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (12:28) तर व्यवस्था पाहणंही येतं. सतरंज्या घालणाऱ्यांनो, ऐकताय ना!

ऑनलाइन प्रश्नावल्या भरून फारसं हाती लागत नाही, असं माझं मत. दोन-तीन महिने संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, गायनवृंद, हिशेब असं एकेक काम करून बघा. कुठे थकूनही मन भरतं आणि लोक आपणहून परत कुठे बोलावतात, ते पाहा. पाळकांना आणि जुन्या सभासदांना विचारा. आपलं दान बरेचदा दुसऱ्यांनाच आधी दिसतं.

अंगी असलेली कलाही यात येते. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेण्याआधीपासूनच कवी होते. पुढे तीच लेखणी भजनांकडे वळली आणि आजही मराठी मंडळ्या त्यांची गीतं गातात.

गाता येत नसेल तर गायनवृंदाचा हट्ट मात्र सोडा. मी सोडला, मंडळी सुखी आहे.