चिंक्वे तेरेला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

चिंक्वे तेरे म्हणजे इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावरची पाच गावं. पाचही एका दिवसात पायी करायचा बेत असेल, तर आधी तो मोडा. सुट्टीवर चाललाय, मोहिमेवर नाही. एका दिवशी मोंतेरोसो ते वेर्नात्सा एवढंच चाला. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण दोन तास धरा. सुरुवातीच्या दगडी पायऱ्याच दम काढतात. पुढे वाट द्राक्षमळ्यांच्या कडेने जाते, कुठे कुठे इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. वेर्नात्सा जवळ आलं की वरूनच बंदर, बुरूज आणि पिवळी-गुलाबी घरं एकदम दिसतात. त्यासाठीच ही दिशा.

'राजगड-तोरणा केलाय, हे काय!' म्हणून चप्पल घालून निघू नका. साध्या चपलांवर तिथे दंड होतो, पायात बूटच हवेत. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत वाटेला लागा, पाणी भरून घ्या. मे किंवा सप्टेंबर जमला तर उत्तमच.

ट्रेकिंग आणि रेल्वे दोन्ही असलेलं कार्ड घ्या. गावागावांत गाडीने काही मिनिटांत पोहोचता येतं, त्यामुळे पाय बोलायला लागले की सरळ स्टेशन गाठा. फक्त कोर्निल्याला स्टेशन खाली आणि गाव वर आहे, मध्ये जवळपास 380 पायऱ्या. बसही आहे, लाजू नका.

आदल्या रात्री चिंक्वे तेरे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर कुठली वाट बंद आहे ते बघाच. पावसाचा इशारा आला की वाटा बंद करतात.