दाबलेल्या हवेवर चालणारं इंजिन बनवताय?

पहिलंच इंजिन असेल तर एकच सिलिंडर घ्या, तोही तयार न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा. घरी पिस्टन घासून हवाबंद करण्यात महिने जातात आणि उमेद संपते. ३२ मिमी बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या व्यासावर) ६ बार दाब म्हणजे सुमारे ४८० न्यूटन जोर. चाक फिरवायला भरपूर झाला.

खरी मेहनत व्हॉल्व्हच्या टायमिंगवर करा, म्हणजे हवा कधी आत सोडायची आणि कधी बाहेर, यावर. माझं पहिलं इंजिन अर्धा फेरा मारून अडायचं. एक्झॉस्ट, म्हणजे वापरलेली हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, उशिरा उघडत होता, त्यामुळे परतणारा पिस्टन कोंडलेल्या हवेलाच ढकलत बसायचा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम जेमतेम १० अंश सरकवला आणि फ्लायव्हील टकटक करत फिरायला लागलं. तो आवाज अजून कानात आहे.

दाबलेली हवा साठवायच्या टाकीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. पीव्हीसी पाइपची टाकी कधीच करू नका. तो पाण्याचा दाब सोसतो, पण आत दाबलेली हवा असताना फुटला तर धारदार तुकडे उडतात. हवेसाठीच बनवलेली टाकी, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. साचलेलं पाणी दरवेळी काढा. आतला गंज बाहेरून कळत नाही.

एक्झॉस्टच्या तोंडावर दव दिसलं तर घाबरू नका, प्रसरण पावताना हवा थंड होतेच.