म्हापशाहून ऑनलाइन लिलावात एका जुन्या नाण्याची बोली जिंकली, आता मडगावचा विक्रेता आजच पूर्ण पैसे मागतोय, हे बरोबर आहे का?

हो, मागू शकतो, यात वावगं काही नाही. बोली जिंकली म्हणजे सौदा पक्का. आपल्या 1930 च्या माल विक्री कायद्यात, कलम 64 मध्ये, लिलावाचं असंच आहे, हातोडा पडला की विक्री पूर्ण, तोपर्यंत बोली मागे घेता येते, नंतर नाही. ईबे या लिलावाच्या वेबसाइटवर 4 दिवस मिळतात, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर विक्रेता ऑर्डर कॅन्सल करू शकतो. पण व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या लिलावाला असली मुदत कोण घालून देणार, तिथे जे ॲडमिनने सांगितलं तेच, म्हणून मुदत किती आणि कुरियरचा खर्च कोणाचा हे बोली लावायच्या आधीच विचारून घ्यायचं (अर्धी भांडणं कुरियरवरूनच होतात, खरं सांगतो).

बाकी तुम्ही म्हापशाचे, तो मडगावचा, आणि नाणं पोर्तुगीज काळातलं एस्कुदो (तेव्हाचं गोव्यातलं चलन), मग कुरियर कशाला हवंय? दोघांनी कदंबची (गोव्याची सरकारी बससेवा) शटल धरा, पणजी बसस्टँडवर भेटा, नाणं हातात घेऊन नीट बघा नि तिथल्या तिथे यूपीआय करा. तो भेटायलाच तयार नसेल तर मात्र मी तरी पूर्ण पैसे आधी देणार नाही, थोडा अॅडव्हान्स देईन आणि नाण्याचा दोन्ही बाजूंचा व्हिडिओ मागेन.

आणि उद्या तुम्ही स्वतः विकायला बसलात तर एक लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, समोरचा क्यूआर पाठवून पिन टाका म्हणाला की सरळ ब्लॉक.