श्रीलंकेत आठ-नऊ दिवसांत कोणती ऐतिहासिक शहरं आणि किनाऱ्यावरची कोणती गावं पाहावीत?

तुम्ही महिना लिहिलेला नाही, आणि श्रीलंकेचा बेत तर त्यावरच ठरतो. या बेटावर दोन पावसाळे येतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल-मिरिसाच्या बाजूला झोडपतात आणि तिथला समुद्र खवळलेला असतो. त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमालीचं पाणी शांत असतं. डिसेंबर ते मार्च हे चित्र उलटं होतं. त्यामुळे एकाच सहलीत दोन्ही किनारे उरकायच्या फंदात पडू नका. मधली जुनी शहरं आणि एक किनारा, एवढ्यात आठ दिवस सहज जातात.

जुन्या शहरांत अनुराधपूर की पोलोन्नारुवा, असा पेच पडतोच. अनुराधपूर हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी होतं. अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने आणलेल्या फांदीपासून वाढलेला बोधिवृक्ष तिथे आहे. जेतवनाराम स्तूप मुळात १२० मीटरच्या आसपास उंच होता, आणि हे सगळं काम विटांचं! पण अवशेष दूरदूर पसरलेले आहेत आणि वातावरण तीर्थक्षेत्राचं आहे. श्रद्धेने जाणार असाल तर हेच निवडा.

निव्वळ इतिहासासाठी जाणार असाल तर माझं मत पोलोन्नारुवाला. दक्षिण भारतातल्या चोळांनी अनुराधपूर जिंकल्यावर राजधानी इथे आणली. १०७० मध्ये सिंहली राजा विजयबाहूने त्यांना हुसकावलं, पण राजधानी मात्र इथेच ठेवली. म्हणूनच बौद्ध विहारांच्या गर्दीत चोळांच्या धाटणीचं दगडी शिवमंदिर आजही उभं दिसतं. पुढे राजा पराक्रमबाहूने बांधलेल्या तलावाला लोक ‘पराक्रम समुद्र’ म्हणतात आणि काठावर उभं राहिलं की हे नाव पटतं. गल विहारात एकाच कातळात चार बुद्धमूर्ती कोरल्या आहेत, त्यातली पहुडलेली सुमारे १४ मीटर लांब आहे. डोक्याखालच्या दगडी उशीला पडलेला खळगा नक्की बघा. इथे सायकल भाड्याने मिळते आणि सकाळी लवकर निघालात तर तीच उत्तम. दुपारी दगड असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही, आणि पादत्राणं तर काढावीच लागतात. जाड मोजे जवळ ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, पहारेकरी तिथल्या तिथे टोकतात.

सिगिरिया हा उंच कातळावरचा जुना किल्ला याच पट्ट्यात आहे, पहाटेच चढा. हबरणाला मुक्काम केलात तर दोन्ही जमतं. कँडीला एक रात्र पुरे. १८१५ पर्यंत टिकलेलं हे शेवटचं सिंहली राज्य. बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिरात पूजेच्या वेळी जा, एरवी गाभाऱ्याचं दार बंदच असतं.

आता किनारा. हिवाळ्यात जाणार असाल तर डोळे मिटून गॉल. किल्ला म्हटलं की आपल्याला पडके बुरूज आणि गवत आठवतं. इथे तटाच्या आत अख्खं गाव नांदतंय: शाळा, मशीद, डच चर्च, वाळत घातलेले कपडे. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, १६४० मध्ये डचांनी ते जिंकलं आणि आजचा तट बहुतांशी त्यांचा. जुन्या दरवाजाच्या आतल्या बाजूला डच कंपनीचं चिन्ह आणि १६६९ साल कोरलेलं आहे, बाहेरच्या बाजूला ब्रिटिशांचं राजचिन्ह. डचांनी गटारं अशी बांधली होती की भरतीच्या पाण्याने ती आपोआप धुऊन निघत. २००४ च्या सुनामीत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं, पण याच तटामुळे आतली वस्ती बरीचशी वाचली. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून गॉलला रेल्वेनेच जा, समुद्राकडची खिडकी पकडून. पुढे वेलिगामा सर्फिंग शिकायला बरं, मिरिसा देवमासे पाहायला. उनावटुना मला फार गजबजलेलं वाटलं.

उन्हाळ्यात किंवा आपल्याकडच्या पावसाळ्यात जाणार असाल तर त्रिंकोमाली. समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं मंदिर आहे. जुनं मंदिर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आजचं नंतरचं. वाट फोर्ट फ्रेडरिकमधून जाते आणि किल्ल्यात हरणं खुशाल फिरत असतात. पोहायला उप्पुवेली, प्रवाळ पाहायला निलावेलीसमोरचं पिजन बेट.

तारखा ठरवताना पौर्णिमा बघून घ्या. त्या दिवशी ‘पोया’ची सुट्टी असते, देवळांत तुफान गर्दी होते आणि दारू विकत नाहीत. परतीचं विमान पहाटेचं असेल तर शेवटची रात्र कोलंबोऐवजी नेगोम्बोला काढा. विमानतळ तिथून जवळ पडतो, आणि वेळ उरला तर डच कालव्याकाठी आणि मासळी बाजारात एक फेरी होते.