चारचौघांतली भीती : स्वभाव की आजार?

प्रश्न : माझे वय 34 असून मी एका पतसंस्थेत लेखा विभागात काम करतो. एकटा असताना शंभर सह्या सहज करतो, पण समोर कोणी उभे राहिले की हात थरथरू लागतो. वार्षिक सभेत अहवाल वाचावा लागेल म्हणून बढती दोनदा नाकारली. घरचे म्हणतात, तू लहानपणापासूनच भिडस्त आहेस. हा स्वभाव आहे की आजार? आणि असा त्रास असणारे लोक असतात तरी किती?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एकांतात सही बिनचूक होते आणि कोणी पाहू लागताच बिघडते, त्यावरून दोष हातात नसून आपल्याकडे कोणीतरी पाहत आहे या जाणिवेत आहे, असे दिसते. लोकांसमोर लिहिताना, जेवताना किंवा बोलताना आपले हसे होईल, ही भीती वर्षानुवर्षे टिकून राहिली आणि तिच्यापायी माणूस कामे व संधी टाळू लागला, की मानसोपचारात तिला सामाजिक चिंताविकार म्हणतात. निदान मात्र पत्रावरून करता येत नाही. ते प्रत्यक्ष भेटीतच होते.

‘किती’ या प्रश्नाचे उत्तर बरेचसे प्रश्नावलीवर अवलंबून असते. अमेरिकेत 1980च्या दशकातील एका मोठ्या पाहणीत अगदी मोजक्याच प्रसंगांविषयी विचारले गेले, तेव्हा आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण दोन-तीन टक्के भरले. 1990 ते 1992 या काळातील पुढच्या पाहणीत अधिक प्रसंग विचारले गेले आणि तेच प्रमाण 13.3 टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढी माणसे बुजरी झाली असे कोणी म्हणणार नाही. पूर्वी ज्यांना कोणी विचारलेच नव्हते, ते या खेपेस मोजले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांत झालेल्या 28 सर्वेक्षणांची एकत्रित सरासरी सुमारे 4 टक्के आली, म्हणजे पंचवीस माणसांमागे एक. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपल्या राज्याचा आकडा त्यातून मिळत नाही.

माझ्या मते या विकाराचे ओझे मोजायचे, तर माणूस किती घाबरतो यापेक्षा त्याने काय काय सोडून दिले ते पाहावे. याची सुरुवात बहुधा तेराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे शाळेतच होते. उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल आपल्याला शहाणे वाटते, आणि ती मुलगी असेल तर तिचे कौतुकच होते! पुढे तोंडी परीक्षा चुकवली जाते, मुलाखतीला जाणे टळते, लग्नकार्यात माणूस मंडपाच्या कडेला उभा राहतो. यातून नैराश्य येण्याचा धोका वाढतो. कित्येक जण चार माणसांत मिसळण्यापूर्वी दारूचा आधार घेऊ लागतात. अमेरिकेतील पाहणीनुसार उपचार घेणाऱ्यांनाही पहिल्यांदा मदतीपर्यंत पोहोचायला सरासरी 16 वर्षे लागली. निमहान्सच्या सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या मानसिक विकारांचे सुमारे 85 टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. ‘भिडस्त’ या शब्दात माया आहे, पण डॉक्टरकडे जाण्याची वाट अडवण्याचे कामही तोच शब्द करतो.

उपचाराचा गुण येतो. विचार-वर्तन उपचारपद्धतीत रुग्णाचे सारे लक्ष स्वतःच्या थरथरीवर कसे खिळलेले असते, हे त्याला दाखवून दिले जाते. पेन घट्ट आवळून धरणे, मान खाली घालणे यांसारख्या बचावाच्या सवयी सोडून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा अनुभवायला लावतात; अशा वेळी समोरच्याचे त्या थरथरीकडे लक्षही गेले नव्हते, असे अनेकांना आढळते. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात, पण ती मनाने घेऊ नयेत. प्रत्यक्ष जाण्याचाच संकोच वाटत असेल, तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. फोनवर बोलणेही जड जात असेल, तर आम्हाला पाठवलेले हेच पत्र डॉक्टरांच्या हाती द्यावे. त्यात त्यांना हवी असलेली बहुतेक माहिती आहे.