आधी नोंद शोध

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

युद्धात पकडल्या गेलेल्या माणसांच्या हक्कांवर काम करायचे तू ठरवलेस, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्या कायदेशीर दर्जाविषयीचे वाद तू जरूर वाच, पण त्यांत अडकून पडू नकोस. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांपैकी युद्धकैद्यांविषयीच्या तिसऱ्या कराराच्या कलम ५ नुसार, लढताना हाती लागलेला माणूस युद्धकैदी आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत त्याला युद्धकैद्याचेच संरक्षण द्यावे लागते. नागरिकांसाठी चौथा करार आहे. देशांतर्गत संघर्षात चारही करारांतले सामाईक कलम ३ किमान माणुसकीच्या वागणुकीची हमी देते, आणि ग्वांटानामो या अमेरिकेच्या लष्करी तुरुंगातील कैदी हमदान यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तेच कलम लागू केले.

माझ्या मते खरी कसोटी नोंदीची आहे, कारण छळ करणारे आणि माणसे गायब करणारे सर्वांत आधी नोंदच टाळतात. तिसऱ्या कराराच्या कलम ७० प्रमाणे छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि रेड क्रॉसच्या मध्यवर्ती शोध संस्थेला एकेक कार्ड पाठवता आले पाहिजे. त्यावर नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि पत्ता असतो. प्रकृतीविषयी ‘ठणठणीत’पासून ‘गंभीर जखमी’पर्यंतचे पर्याय छापलेले असतात आणि लागू नसलेले खोडायचे असतात. एवढ्याशा कार्डामुळे कोणाच्या ताब्यात कोण आहे, हे बाहेर कळते आणि पुढचे सगळे प्रश्न विचारता येतात. स्थानबद्ध नागरिकांसाठीही चौथ्या करारात अशीच तरतूद आहे. शिवाय युद्धमान देशाने आपल्या भूमीवर त्यांना स्थानबद्ध केले असेल, तर वर्षातून किमान दोनदा त्या आदेशाचा फेरविचार करावा लागतो.

छावणीच्या भेटीचा अहवाल वाचताना मुलाखत साक्षीदारांविना झाली होती का, ते आधी बघ; पहारेकरी शेजारी उभा असताना ‘तक्रार नाही’ म्हणणाऱ्या कैद्याच्या शब्दावर विसंबू नकोस. तिसऱ्या कराराच्या कलम १२६ ने हा एकांत रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना दिलेला आहे. आणि कैद्याने स्वतःच हक्क सोडल्याचा सहीचा कागद कोणी पुढे केला, तर त्याला त्याच कराराचे कलम ७ दाखव: करारातले हक्क कैद्याला स्वतःलाही सोडून देता येत नाहीत.