स्नोड्रॉपचे कंद उगवलेच नाहीत!

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. ऑक्टोबरमध्ये स्नोड्रॉपचे (हिवाळा संपता संपता फुलणारं छोटं पांढरं फूल) पंचवीस सुके कंद आणून लावले, फेब्रुवारीत जेमतेम चार उगवले. माझं काय चुकलं? आणि वेगवेगळे प्रकार जमवायचेत, सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, तुमचं फार काही चुकलेलं नाही हो, हे कंद आपल्या कांद्या-लसणासारखे टोपलीत महिनोन्‌महिने टिकत नाहीत, सुकले की मेलेच समजा, म्हणून तिकडचे जाणकार फुलं संपत आली की पानं हिरवी असतानाच, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आख्खा झुबका उपटून वेगळा करतात आणि लगेच लावतात. पानझडी झाडाखाली, पालापाचोळ्याचं खत घालून. पाणी साचायला नको पण उन्हाळ्यात माती अगदी कोरडीठाकही नको.

प्रकार म्हणाल तर साधा निवालिस, दुहेरी पाकळ्यांचा फ्लोर प्लेनो (याला बी धरत नाही, पण कंद भराभर वाढतात), मोठ्या फुलाचा एल्वेसी आणि मधासारख्या वासाचा एस. आर्नॉट, एवढ्यावर दोन-तीन वर्षं मजेत जातील. प्रत्येकाजवळ लेबल रोवा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळे सारखेच दिसतात! पिवळ्या छटेच्या दुर्मिळ जातींच्या मागे इतक्यात लागू नका, २०१५ मध्ये गोल्डन फ्लीसचा एकच कंद ऑनलाइन लिलावात १,३९० पौंडांना गेला होता, मला तर ऐकूनच घाम फुटला.

आणि हो, कंद विषारी असतात, स्वयंपाकघरात कांद्यांजवळ अजिबात ठेवू नका.